पाहुण्यांसाठी पोतारलेल्या भिंती

आमच्या घरी बसून चहा पिणारा पहिला सरकारी माणूस म्हणजे मलेरियाचे इन्स्पेक्टरसाहेब. हे आधी सांगायला हवं, कारण त्यांच्याविषयी पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात अजूनही थोडा अडखळतो. तेल्हाऱ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तलाठी यायचे, ग्रामसेवक यायचे, पण आमच्या वस्तीत ते उभ्यानंच बोलून परत फिरत. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्यात बरंच बदललं होतं, गावात फारसं नाही. इन्स्पेक्टरसाहेब मात्र सायकल लिंबाला टेकवून सरळ आमच्या बाजेवर बसले आणि मायला म्हणाले, "मावशी, चहा कडक टाका." माय चहा करताना इतकी गडबडली की तिनं साखर दोनदा घातली. साहेबांनी तो पाक निमूटपणे पिऊन टाकला.

मी त्या वर्षी अमरावतीला कॉलेजात इंटरला होते. वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलगा-मुलगी सगळ्यांत पहिली. परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. साहेब मलाच भेटायला आले होते. हिवताप निर्मूलनासाठी बाहेरच्या देशांनी मोठी मदत दिली आहे, पावडर येते, फवारे येतात, जीपगाड्याही येतात, आणि आता वरून असं आलं आहे की प्रत्येक ठिकाणी लोकांची कमिटी असावी, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"कमिटीत एक बाई पाहिजे आणि एक तुमच्या समाजाचं माणूस पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही असलात म्हणजे दोन्ही झालं."

हे वाक्य मला तेव्हा खटकायला हवं होतं. मला ते खटकलं नाही. मी लाजले, आणि मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "काय करा लागते तिले कमिटीत?"

"लोकांच्या वतीनं बोलायचं, मावशी."

"थे तं तिले चांगलं जमते," माय म्हणाली. "घरात कोणाले बोलू देत नाई."

आम्हाला हिवताप नवा नव्हता. वस्ती नाल्याच्या काठावर होती आणि पावसाळा उतरला की घरोघरी माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत पडायची. लहान पोरांची पोटं डाव्या बाजूनं फुगायची. त्याला पानथरी म्हणत. आदल्या वर्षी वहिनीला सातव्या महिन्यात ताप आला आणि पोटातलं मूल गेलं. मुलगा होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना होता, आणि ती कोणाला सांगत नव्हती, जणू सांगितलं तर ऐकणारा कोणी टपून बसला आहे. त्यामुळे कमिटी, देश, मदत या शब्दांतून मला एकच गोष्ट ऐकू येत होती: यंदा पावसाआधी आमच्या भिंतींवर औषध बसेल, आणि वहिनीचं बाळ वाचेल.

फवारणीवाले मे महिन्याच्या शेवटी आले. आम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बायांनी सकाळीच घरं रिकामी केली. गाडगी-मडकी, उतरंडी, बाजा, पोती, सगळं अंगणात. रस्त्यालगतची तीन घरं त्यांनी लाल अक्षरांच्या पोत्यांतली पावडर कालवून आतून नीट फवारली. भिंती वाळल्यावर पांढुरकी भुकटी दिसायची आणि नाकात बसणारा एक वास यायचा. मग त्यातला एक जण गेरूचा डबा घेऊन वस्तीत शिरला आणि पुढच्या सगळ्या घरांच्या चौकटींवर तारीख आणि खुणेची अक्षरं मारत गेला. मी विचारलं, "दादा, फवारणीच्या आधी खूण?" तो म्हणाला, "उद्या येतोच आहोत, खुणेचं काम उरकून घेतो." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाया दोन दिवस उतरंडी अंगणातच ठेवून वाट पाहत राहिल्या, मग बडबडत आत घेऊन गेल्या.

मी साहेबांना गाठून सांगितलं. ते चुकचुकले.

"पावडर कमी पडली, बाई. येईल. पण बरं झालं तुम्ही सांगितलंत. पुढच्या आठवड्यात तपासणीला परदेशी पाहुणे येताहेत. तुमच्या वस्तीतच आणतो त्यांना. तुम्हीच सांगा. कमिटीच्या सभासद आहात, तुमचा हक्कच आहे."

मला वाटलं, असे अधिकारी देशाला हजार मिळाले तर काय होईल.

निघताना ते सायकलवर बसता बसता म्हणाले, "एक करा. पाहुणे घरात शिरणार, वस्ती नेटकी दिसली पाहिजे. बायांना सांगा, भिंती आतून-बाहेरून पोतारून ठेवा म्हणावं. फक्त चौकटीवरच्या खुणा पुसू नका, सरकारी आहेत."

मी घरोघर जाऊन तेच सांगितलं. अगदी त्यांच्याच शब्दांत.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की भिंत पोतारायची ही रीतच होती. लग्न असो, सण असो, सोयरे येवोत. नाल्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या मातीची खाण होती. बाया टोपल्या घेऊन गेल्या, माती भिजवली, चिंध्यांचे बोळे केले आणि एका दिवसात अख्खी वस्ती उजळून टाकली. ज्या तीन घरांत औषध बसलं होतं त्या घरच्या बाया तर सगळ्यांत पुढे, कारण त्यांची घरं रस्त्यावर, पाहुणा आधी तिथं येणार. मला हे समोर दिसत होतं. मी शाळेत आणि कॉलेजात मिळून तेरा-चौदा वर्षं शिकले होते आणि मला त्यात काही चुकतंय असं सुचलं नाही. वहिनीला वाकू देत नव्हते म्हणून तिच्या वाटची भिंत मी पोतारली.

शेजारची एक म्हातारी चौकटीभोवती बोळा फिरवताना म्हणाली, "काय व, ह्या लाल अक्षरात काय लेयलं हाये?"

"फवारणी झाल्याची तारीख, आजी."

"झाली कुठी?"

"होणार आहे."

"मंग होईन तवा लेयाचं ना. आमी काय स्वयंपाकाच्या आधी जेवलो म्हणतो का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाहुणे दोन जीपगाड्यांतून आले. एक गोरी डॉक्टरबाई, एक उंच गृहस्थ, अकोल्याचे मोठे साहेब, आमचे इन्स्पेक्टरसाहेब आणि गावचे मालक, जे कमिटीचे अध्यक्ष होते. मी चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती. हॉस्टेलवरच्या शब्दकोशाचं वहीत उतरवून आणलेलं पान समोर ठेवून मी ती तयार केली होती आणि म्हशीपुढे उभी राहून म्हणून पाहिली होती. पहिलं वाक्य होतं, आमच्या वस्तीत तीनच घरांची फवारणी झाली आहे.

ते म्हणायची वेळ आलीच नाही. इन्स्पेक्टरसाहेब सगळ्यांना पहिल्याच घरात घेऊन गेले, चौकटीवरची तारीख दाखवली, मग आत जाऊन भिंतीवर नखानं ओरखडा काढला. ताजी पांढरी माती त्यांच्या नखात आली. तो हात त्यांनी गोऱ्या बाईंपुढे धरला आणि इंग्रजीत काही बोलले. मला एवढंच समजलं: आम्ही फवारतो, या पोतारतात.

गोऱ्या बाईंनी मान हलवली. दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येक घरी चौकटीवर तारीख, आत ताजा पोतारा. चौथ्या घरापासून पुढे तर पोताऱ्याखाली काहीच नव्हतं, पण पोताऱ्याखाली काय आहे किंवा नाही, हे डोळ्यांना कसं कळणार?

मग गोऱ्या बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा प्रेमळ होता, हे मी नाकारणार नाही. त्यांनी अगदी सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, "या भिंती बायांनी पोतारल्या?"

मी म्हटलं, "हो."

"केव्हा?"

"काल."

"तुम्ही कमिटीवर आहात ना?"

"हो."

माझी चार वाक्यं डोक्यात होती, पण त्यांपैकी एकही या प्रश्नांचं उत्तर नव्हतं. मी पहिलंच वाक्य म्हणायला सुरुवात केली, आणि इन्स्पेक्टरसाहेब माझ्या कानाशी हळूच मराठीत म्हणाले, "बाई, आता राहू द्या. पाहुण्यांसमोर आपल्या लोकांची आणखी शोभा कशाला?" आपल्या लोकांची. मी वाक्य अर्धवट सोडलं. गोऱ्या बाईंनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर लिंबाखाली बायांना बसवून चित्रांचे कागद वाटले. एका चित्रात डास भिंतीवर बसतो आणि मरतो, दुसऱ्यात बाई भिंत पोतारते आणि डास हसतो. फवारणी झाली की दोन-अडीच महिने भिंतीला हात लावायचा नाही, असं अकोल्याच्या साहेबांनी रागावून सांगितलं. बाया मान डोलावत होत्या. मायनं मला विचारलं, "आपल्या घरी तं फवारलंच नाई. हे आपल्याले कावून सांगून राह्यले?"

मी म्हटलं, "माय, थांब."

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं की नाही, ते आज नेमकं सांगता येत नाही. साहेबांना विचारावं म्हणून मी जीपपर्यंत गेले. ते गोऱ्या बाईंसाठी दार धरून उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत तपासणीचा अहवाल वाचून दाखवला गेला. वस्तीत फवारणी पूर्ण झाली होती, परंतु अज्ञानापोटी स्त्रियांनी ती निष्फळ केली. ही गोष्ट सभासद बाईंनीही पाहुण्यांसमक्ष मान्य केली. सबब सहकार्य मिळेपर्यंत सदर वस्ती दुसऱ्या फेरीतून वगळावी. मी उठून म्हटलं की हे खरं नाही. अध्यक्ष म्हणाले, "हो म्हणालीस का नाई? सगळ्यायनं आयकलं." मी म्हटलं, "पोतारलं का, एवढंच विचारलं होतं." ते हसले. "मंग? नाई पोतारलं का?" इन्स्पेक्टरसाहेब टेबलावरचे कागद जुळवत होते.

कॉलेज उघडायच्या आधी मी एकच काम केलं. चित्राच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात त्या परदेशी मदतीच्या दिल्लीतल्या कचेरीचा पत्ता छापलेला होता. मी वस्तीतल्या बायांना गोळा करून सांगितलं की आपण सरळ त्यांनाच लिहू. पैसा त्यांचा, पावडर त्यांची, तर ती कुठं पोचली हे त्यांना जाणून घ्यावंसं वाटेलच. एकीनं विचारलं, "आपलं आयकतीन थे?" मी म्हटलं, "लोकांनी बोलावं म्हणूनच तर कमिटी काढली त्यांनी." हे मी मनापासून म्हटलं. कोऱ्या कागदावर सव्वीस अंगठे उमटले. पहिला मायचा, शेवटचा त्या म्हाताऱ्या आजीचा. अमरावतीला हॉस्टेलवर मी त्यांच्या वर मजकूर लिहिला, अगोदर कितीतरी वेळा कच्चा लिहून, फाडून. तीन घरं, न फवारता मारलेल्या खुणा, पोतारायला कोणी सांगितलं, सगळं लिहिलं. आमच्या इंग्रजीच्या सरांनी तो मजकूर तपासला आणि म्हणाले, "चांगलं लिहिलं आहे. याचं उत्तर नक्की येईल."

उत्तर आलं. पोळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले त्याच दिवशी ते आमच्या बाजेवर येऊन बसलं.

वहिनीला सातवा लागला होता आणि तीन दिवस झाले ताप येत होता. एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. माय तिच्या पायांवर गोधडी दाबून बसली होती. भाऊ मालकाकडे सालदार होता. तो दुपारी भाकरीला आला तेव्हा त्याच्या अंगाला तो वास आला, नाकात बसणारा. मी म्हटलं, "दादा, हा वास कशाचा?"

"पऱ्हाटीवर पावडर मारून राह्यलो ना," तो म्हणाला. "मालकाच्या कोठ्यात पोते हायेत. लाल अक्षरायचे."

मालकाच्या कपाशीवर आपण मारतोय ते काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. वहिनी आत कण्हत होती आणि तो हात धुऊन भाकर खात होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, इन्स्पेक्टरसाहेब आले. सायकल लिंबाला टेकवली, बाजेवर बसले आणि पिशवीतून माझं पत्र काढलं. सव्वीस अंगठ्यांवर चार कचेऱ्यांचे शिक्के बसले होते.

"दिल्लीहून मुंबईला आलं," ते एकेका शिक्क्यावर बोट ठेवत म्हणाले, "मुंबईहून नागपूरला, नागपूरहून अकोल्याला, आणि अकोल्याहून माझ्याकडे. योग्य त्या कार्यवाहीसाठी."

"पण तक्रार तर तुमच्याबद्दल आहे."

"म्हणून तर माझ्याकडे. ज्याचं काम त्याच्याकडेच कागद येतो, बाई. पद्धतच आहे तशी."

माय नेहमीप्रमाणे चहा घेऊन आली. तिनं आनंदानं विचारलं, "आमचा कागद आला का, साहेब?"

"आला, मावशी," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच आलोय."

माय आत गेल्यावर मी विचारलं, "पोतारायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, काय होणार ते."

त्यांनी बशीत चहा ओतला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "पावडर कुठे गेली ते तुम्हाला कळलं असेल," ते म्हणाले. "मलाही माहीत आहे. ज्यांच्याकडे गेली त्यांच्यासमोर माझं काय चालतं? भिंतींवर पावडर का नाही, याचं पाहुण्यांना काहीतरी कारण द्यावं लागलं. कारण नसतं तर माझी नोकरी गेली असती, घरी चार लेकरं आहेत. पोतारल्यानं तुमच्या बायांचं काय गेलं?"

आतून वहिनीचा आवाज आला. त्यांनी तो ऐकला. आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"कितवा?"

"सातवा."

मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, मध्ये कार्बन घातला. "दुसरी फेरी अजून चालू आहे. उद्या सकाळी माणसं पाठवतो, सगळी घरं, आतून नीट. गोळ्याही देतो, आत्ताच. पण कागदावर वस्ती वगळलेली आहे, आणि तक्रार उभी आहे तोवर मला वस्ती यादीत परत घेता येत नाही. तुम्ही लिहून द्या की फवारणी पहिल्या फेरीतच झाली होती, स्त्रियांनी गैरसमजानं पोतारलं, यापुढे पूर्ण सहकार्य करू, तक्रार मागे."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी तुमचा अर्ज चौकशीसाठी अध्यक्षांकडे पाठवीन. पद्धतीप्रमाणे." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमचा भाऊ तिथंच काम करतो ना?"

मी लिहिलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'अज्ञानी स्त्रिया' असं त्यांनी सांगितलं, तिथं मी थांबले, ते म्हणाले, "बरं, नुसतं स्त्रिया लिहा." त्यांनी ही सूट दिली आणि मला क्षणभर त्यांच्याविषयी बरं वाटलं, याची मला आजही लाज वाटते. खाली मी सही केली, सभासद म्हणून. त्यांनी वरचा कागद घेतला, कार्बनचा माझ्याजवळ ठेवला आणि गोळ्यांची पुडी बाजेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी माणसं खरंच आली. बायांनी उतरंडी बाहेर काढल्या. एकही घर सुटलं नाही. फवारणीवाल्यांना पाणी द्यायला बाया एकमेकींच्या पुढे धावत होत्या. वहिनीला सावलीत निजवलं होतं. गोळ्यांनी ताप उतरला आणि त्या पाळीला पुन्हा आला नाही. दिवाळीच्या सुमारास तिला मुलगी झाली. लहान होती, पण जगली.

वस्तीत बोललं जाऊ लागलं की पोरीनं दिल्लीपर्यंत कागद नेऊन साहेबाला वाकवलं. माय नाल्यावर, वावरात, कापसाच्या जिनावर रुई वेचताना, सगळीकडे हेच सांगत होती. मी ज्या सुट्टीत घरी जाई त्या सुट्टीत कोणीतरी म्हणे, "आमच्या पोरीलेही शिकव व तुह्यासारखं." वरच्या अहवालात आमच्या वस्तीचा उल्लेख लोकांच्या सहभागाचं चांगलं उदाहरण म्हणून आला, असं मला पुढे साहेबांनीच सांगितलं. गोऱ्या बाईंना तो वाचायला मिळाला असेल आणि त्यांना समाधान वाटलं असेल. पहिल्या फेरीची पोती कुठं गेली, हे तेव्हापासून कोणीच विचारलं नाही. विचारण्याचा एकच कागद होता आणि तो मीच मागे घेतला होता.

बाळाच्या बारशाला बाया जमल्या होत्या. मायनं उतरंडीच्या मागून तो कार्बनचा कागद काढला. साहेब आले त्या दिवशी बाजेवर राहिलेला तो कागद तिनं जपून चौघडी करून ठेवला होता.

"वाचून दाखव," ती म्हणाली. "साऱ्यायले आयकू दे, काय लेयलं होतं तू साहेबाले."

मी कागद उघडला. निळ्या, पुसट अक्षरांत माझंच हस्ताक्षर होतं. मी डोळे त्याच्यावर ठेवले आणि मोठ्यानं वाचायला लागले: आमच्या वस्तीत तीनच घरांची फवारणी झाली आहे. बाकीच्या घरांना नुसत्या खुणा मारल्या आहेत. पोतारायला आम्हाला सांगण्यात आलं होतं. दिल्लीला पाठवलेल्या पत्रातलं सगळं मला पाठ होतं, एकही वाक्य चुकलं नाही. बाया शांतपणे ऐकत होत्या. वहिनी पदराआड बाळाला घेऊन बसली होती आणि माझ्याकडे कौतुकानं पाहत होती.

वाचून संपलं तेव्हा म्हातारी आजी पुढे सरकली, कागद माझ्या हातातून घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिला.

"बाई, याच्यावर आमचे अंगठे कावून नाईत?"

"ते दुसऱ्या कागदावर आहेत, आजी," मी म्हटलं.

"अन् थो कागद कोणापाशी हाये?"

मायनं तिच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि म्हणाली, "सरकारपाशी हाये. जपून ठुला असन त्यायनं." आणि ती गुळाच्या घुगऱ्या वाटायला उठली.